खुंट्यासह चार हजार दोनशे

हजिऱ्याला, बंद गिरणीच्या मागच्या चाळीत
ती उभी होती.
उभी म्हणजे, स्टँड मोडलेला, भिंतीला टेकून.
हँडलला शेळी बांधलेली.
सीटच्या फोममध्ये चिमण्यांनी संसार मांडून
कधीचाच मोडलेला.
येझदी. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी.

भदौरियाबाई म्हणाल्या, चार हजार.
मी म्हटलं, तीन.
त्या म्हणाल्या, "गाड़ी तो ले जाओगी,
बकरी कहाँ बाँधूँ?"

ए. जी. ऑफिसात तीस वर्षं काढली मी,
पण ह्या प्रश्नाला नियमावलीत कलम नव्हतं.
चार हजार मोजले.
वर कोपऱ्यावरच्या लोहाराकडून दोनशेचा खुंटा आणून
अंगणात ठोकून दिला.
शेळीने तो हुंगला, आणि गाडीकडेच बघत राहिली.

तीस वर्षं दुसऱ्यांचे खर्च तपासले,
समासात हिरव्या शाईने लिहीत आले:
प्रयोजन स्पष्ट करावे.
हा खर्च मी कुठेच लिहिला नाही.
भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, गुडघे?"

शिंद्यांच्या छावणीतल्या अच्छन मियांनी
प्लग काढला, टॉर्च मारला, आत वाकून पाहिलं
घसा बघतात तसं.
पिस्टन जाम.
त्या भोकातून त्यांनी वाटीभर डिझेल ओतलं
आणि म्हणाले, आठ दिन मत छेड़ना.
मी रोज ऑफिस सुटल्यावर जायचे,
नुसती बसायला.
नवव्या दिवशी आतून काहीतरी
केसभर सरकलं.

टाकीचं काम माझ्याकडे होतं.
मूठभर नट, एक तुटकी साखळी, थोडं रॉकेल,
झाकण लावून घुसळायचं.
खळळ खळळ.
पहिल्यांदा उकळून उकळून काळा झालेला चहा निघाला,
मग विटकरी, मग नुसतं गढूळ.
सहाव्यांदा ओतलं तेव्हा खाली ठेवलेल्या परातीत
मला माझी नाकातली चमकी दिसली.

हत्यारपेटीची किल्ली नव्हती.
पेचकसाने उचकटली.
आत एकच पाना,
पॉपलिनच्या तुकड्यात गुंडाळलेला.
काठावर गिरणीचं नाव, निळं, अर्धंच आलेलं.
बाहेरचा सगळा पत्रा गंजाने खाल्लेला
आणि हे कापड पांढरंशुभ्र,
जणू आत्ताच मागावरून उतरलं.
मी पाना घेतला. कापड पुन्हा घडी करून
होतं तिथंच ठेवलं.

ह्या गाडीला किक आणि गिअर
एकाच दांड्याचे.
आत दाबून वर वळवला की तिला उठवतो,
खाली आणला की तोच पुढे नेतो.
अच्छन मियांनी तीनदा दाखवलं.
चौथ्यांदा माझं मला जमलं.
त्यानंतर किका. मी मोजत होते, सवयच ती.
एक्केचाळीस.
दोन्ही सायलेन्सरमधून आधी कोळीष्टकं,
मग निळा धूर,
समोरच्या पानवाल्याने शिवी दिली
आणि अच्छन मियां, जे कधी हसत नाहीत,
हात पुसायचं विसरून उभे राहिले.

रविवारी हजिऱ्याला गेले.
भदौरियाबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या,
कान एका बाजूला कलता करून ऐकत राहिल्या.
ऐकलं, आणि मान हलवली.
"नहीं. उनकी वाली खाँसती थी. तीन नंबर पे."
थोड्या वेळाने म्हणाल्या,
"तुमने तो ठीक करा दी."

हा आक्षेप होता की नुसती नोंद,
मला कळलं नाही.
शेळी खुंट्याशी आरामात बसली होती.

परतताना पडावच्या पुलाचा चढ,
उजव्या हाताला किल्ला, उन्हात तापलेला,
मागे टेम्पो हॉर्न देतोय.
तिसऱ्या गिअरमध्ये
ती एकदा खोकली.

छावणीकडे जायचा फाटा आला.
मी वळले नाही.
तिसऱ्यातच ठेवली, सावकाश,
पुन्हा खोकते का
ऐकत.