म्हणणं

पंचेचाळीस दिवस कापले
पिराजी मुंजाजीच्या माफीतून,
पॅरोलवरून दोन दिवस उशिरा आला म्हणून.
कापताना विचारलं नाही कुणी.
विचारायचं असतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

अर्ज मी लिहिला, हर्सूलच्या चार नंबर बराकीत,
वहीच्या पानावर, समास सोडून.
खंडपीठाचा हुकूम आला तो इंग्रजीत.
जेलरसाहेबांनी एकच ओळ मराठीत सांगितली:
आधी याचं म्हणणं ऐका, मग ठरवा.

आज त्याला खुर्ची दिली.
सात वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकायला काही होतं.
टेकली नाही त्यानं.

"बोल."

मी दाराबाहेर, बादली घेऊन.
आत पंखा तेवढा कुरकुरत होता.

"तीस दिस पोरगी दाराआडूनच बघायली, साहेब.
निघायच्या दिशी पालमची गाडी लागली
आन् ती मांडीवर येऊन बसली.
मंग दोन दिस ऱ्हायलो.
एवढंच."

कारकुनानं विचारलं, "दाखला आहे काही?"

साहेबांनी हात वर केला.
"लिही," म्हणाले,
"बोलला तसंच."

पेन चालायला लागलं.
माझी फरशी अजून अर्धी कोरडीच होती.