टणक शिंगांचा एक

आजोबांच्या पितळी डब्यात, तंबाखूच्या पुडीखाली
घडीवर झिजलेला एक कागद आहे :
सांबर, नर, एक. शिंगं टणक, तीस इंचांच्या वर.
मादी नाही. पाडस नाही. लव असलेलं शिंग नाही.
ब्लॉक चांदोली, मुदत पंधरा दिवस.
खाली कुणा साहेबाची तिरकी सही
आणि कोपऱ्यात निळा अंगठा,
माग काढणारा : येसबा मंडले.

पंधरातले तेरा दिवस
बंदूक खांद्यावरून उतरायचीच नाही म्हणे.
पाणवठ्याची ओल, चाटलेली खारी माती,
शिंग घासून सोललेली ऐनाची साल,
एवढंच वाचत फिरायचं.
"कागदात एकच लिव्हलाय म्हंजे
त्येला आपुन वळखाया पायजे, पोरी.
न्हाईतर ती शिकार न्हवं, मेथी खुडणं."

आणखी एक सांगत, पण ते घेतल्यावरच :
साहेब दर साली थोरला निवडायचा.
येतानाच भिंत मोजून यायचा.
"चांगला निवडून न्हेला
का उरल त्यो बाप हुतो.
धा वर्सांत तीस इंची गावंना,
मग कागदावरच पंचवीस आलं."

मी वनरक्षक. सागरेश्वर.
इथं बंदूक नाही, तारेचं कुंपण आहे.
पौर्णिमेला कुंडलिक आणि मी मचाणावर,
थर्मासमधला चहा गार झालेला,
खाली चितळं पाण्यावर येतात.
नर, मादी, पाडस, नर.
एकशे बारा. नाही, ती मघाचीच.
कुंडलिक रेघा मारतो, खोडतो, पुन्हा मारतो.
जिथवर मान पोचते तिथवर
झाडं नागडी.
फाटलेल्या तारेतून काही जातात देवराष्ट्र्याच्या मक्यात,
सकाळी माणसं येतात ऑफिसात,
ताटं दाखवायला.

आणि नरांची शिंगं!
काठीसारखी, फाटा फुटता फुटता राहिलेली.
इथं तर कुणीच कुणाला निवडलं नाही.
आजोबा असते तर विचारलं असतं :
घेतलं तरी आखूड, राखलं तरी आखूड,
मग तुमचा तो तीस इंची
होता कुणाच्या हिशोबात?

मार्चात हुकूम आला.
हिरव्या कापडाचं नरसाळं उभं राहिलं,
आत हरभऱ्याचा पाला.
चितळं आपण होऊन आली, दार पडलं.
फॉर्मवर रकाने : संख्या. लिंग. शिंगं.
कारण : वाघासाठी भक्ष्य वाढवणे.
माझा हात क्षणभर थांबला,
रकाने तेच होते.
फक्त मुदत लिहायला जागा नव्हती.

रात्री ट्रक. अल्लाबक्ष मुलाणी हॉर्न न वाजवता
ताकारी, पेठ नाका, शिराळा, कोकरूड,
गचका बसू नये म्हणून बैलगाडीसारखा.
मागं खुरांचा आवाज,
फळीवर कुणी वाल निवडत असल्यासारखा.
"मॅडम," तो मधेच म्हणाला,
"वाघाला परवाना कोण देतं?"
मी हसले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
वाघ शिंगं मोजत नाही,
लंगडं बघतो, म्हातारं बघतो, मागं राहिलेलं बघतो.
उरतं ते पळणारं.
येसबाला हे ठाऊक असणार,
अंगठ्याला मात्र विचारतं कोण.

पहाटे फळी पाडली.
एकेक उतरलं, अंग झटकलं
आणि तिथंच उभं राहिलं,
हेडलाइटकडे बघत,
आता कुणीतरी पाला टाकेल म्हणून.
पलीकडे कारवीचं रान, काळं, मुकं.
जा ना, म्हटलं.
अल्लाबक्षनं टाळी वाजवली.
एक पाडस उलट त्याच्याकडेच आलं.

मग मी खाली वाकले, दगड उचलला.
नियमात बसत नाही हे.
जवळच्या नराच्या पायाशी मारला, जोरात,
आणि ओरडले, आजोबा हाकाऱ्यांना घालत तशी
लांब, घशातली हाक,
जी मला येते हे मलाच माहीत नव्हतं.

कान उभे राहिले.
एका मादीनं पुढचा पाय आपटला,
एकदाच.
मग सगळं रान हललं.

फॉर्मवर 'शेरा' उरला होता.
गाडीत बसून पेन उघडलं,
पेठ नाक्यापर्यंत उघडंच होतं.