निव्वळ

एमआयडीसीच्या फाट्यावर माझा वजनकाटा आहे. साठ टनी.
आधी गाडी भरलेली येते, मग रिकामी.
वजाबाकी यंत्र करतं,
मी नुसती पावती फाडतो.

अकरा वर्षं रत्नागिरी या लोखंडी पाटावरून गेली:
कोळंबीचे खोके, बर्फाच्या लाद्या, चिरा,
आफ्रिकेतून आलेला कच्चा काजू,
एकदा लग्नाला निघालेली बँडवाल्यांची गाडी,
चुकून चढली होती, त्यांनीही वजन विचारलं.

मंदी पेपरात यायच्या आधी
माझ्या पावतीपुस्तकात आली.
चार दिवसांत संपणारं पुस्तक
गणपतीत उघडलं, ते
आकाशकंदील उतरवले तरी अर्धंच.

बर्फवाला सादिक मुकादम यायचा तेव्हा घाई करायचा,
लवकर कर रे, हिशोब वितळतोय माझा.
हल्ली तो मोकळा येतो, स्टुलावर बसतो.
भर हंगामात बोटी नांगरावर.
डिझेल जाळायचं आणि बांगडा मोजून आणायचा,
त्यापेक्षा जाळी शिवलेली बरी.
नेपाळी खलाशी दिवाळीआधीच गेले,
घोंगड्या, प्रेशर कुकर आणि एक कॅरम बोर्ड घेऊन.
त्यांचं वजन कुणी केलं नाही.

मग नगरपरिषदेच्या सभागृहात बैठक झाली.
'शहराची पुढील वाटचाल.' दारात गुलाबपाणी शिंपडलं.
मुंबईहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर
एक हिरवा बाण दाखवला, वर जाणारा.
मागच्या रांगेतून इब्राहिम होडेकर उठले,
तीन बोटींचे मालक, दोन विकलेल्या.
म्हणाले, बाण चढतोय खरा,
पण वारा कुठला धरलाय त्याने?
साहेब हसले. म्हणाले, पर्यटन.
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, पर्यटन.
महिन्याभरात आमच्या आळीत पाच होमस्टे झाले,
गुलाबी, पोपटी, पुन्हा गुलाबी.
संध्याकाळी मालक गडग्यावर बसतात
आणि एकमेकांना विचारतात, काय, आलं का कोण?

कोळंबीचा कारखाना पौषात बंद झाला.
परदेशातल्या कुणीतरी जेवणातून एक पदार्थ कमी केला,
इथे दोनशे बायकांचे हात सुकले.
मशिनं भंगारात निघाली, आंबा घाटातून कोल्हापूरला.
ट्रक काट्यावर चढला तेव्हा पाट कण्हला.
भरलेली, रिकामी, निव्वळ:
अठरा हजार चारशे चाळीस किलो.
त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं निव्वळ.
काट्याच्या शेठनी फोन करून सांगितलं,
बघ, धंदा उचल खातोय.

सुगंधा नागवेकर त्या कारखान्यात नऊ वर्षं
कोळंबी सोलायची. आता माझ्या केबिनशेजारी
आंबोळ्या घालते, उसळ देते.
नऊ वर्षं हात बर्फात होते, म्हणते,
चटका बसला की बरं वाटतं, बोटं आहेत ते कळतं.
पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक म्हणजे मी आणि सादिक.
सादिकची उधारी.
आता क्रशरवाले थांबतात, एसटीचे दोन ड्रायव्हर,
परवा एक होमस्टेवाला आला, पाहुणा घेऊन! खराखुरा, पुण्याचा.

माझा काटा दहा किलोच्या खालचं धरत नाही,
शून्य म्हणतो आणि गप्प बसतो.
बरंच काही आहे या शहरात, दहा किलोच्या आतलं.

सकाळी ती पिठाचा डबा घेऊन येते,
जवळची वाट म्हणून पाटावरून चालत.
आकडा लागतो: सत्तर.
संध्याकाळी डबा हलका, ती परत निघते: साठ.
काल काम नव्हतं म्हणून मी पावती फाडली,
भरलेली, रिकामी, निव्वळ दहा.
गाडी नंबरच्या रकान्याशी अडलो.
काय लिहू गं इथे?

तिने डबा दुसऱ्या हातात घेतला.
लिव, चालत.