कसर

नया बाजारातल्या दुकानदाराने
मागची फळी दोनदा चाचपली.
"पिवळा? साठचा? अब कौन लेता है, भाभी,
एलईडी ले जाओ, बिल आधा."
मी म्हटलं, उजेड नकोय मला,
तापणारा हवा.
त्याने एक काढला, धूळ फुंकली,
बारा रुपये घेतले.

पेटी कंपूतल्या मेडिकलवाल्याने फुकट दिली,
लसी आल्या होत्या तीतून, बर्फासकट.
थंडी धरून ठेवणारा थर्माकोल
ऊबही धरेल, एवढं मला कळतं.
स्वेटरची सुई गॅसवर लाल करून सहा भोकं पाडली.
आत डोकावायला काच हवी:
सासऱ्यांच्या सत्काराची फ्रेम, मिलमधली,
काच काढून घेतली,
कागद गादीखाली सरळ ठेवला.

थर्मामीटर कपाटात होता, सासूबाईंचा.
पारा एकशेतीनवर थांबलेला.
दोन वर्षं कुणी झटकलाच नव्हता.
हातात धरून उभी राहिले थोडा वेळ,
मग झटकला. चार वेळा.

नव्व्याण्णव आणि अर्धा, शकीला आपा म्हणाली.
अंडी तिच्याकडचीच, घाटीगावहून आलेली,
पंधराला एक. अकरा घेतली,
बारावं तिने तसंच दिलं.
नव्व्याण्णव आणि अर्धा म्हणजे ताप नव्हे.
सासूबाई म्हणायच्या ना,
अंगात कसर आहे गं, भाकरी नको, पेज दे,
तेवढंच.
एकवीस दिवस, रात्रंदिवस,
बारा जणांना कसर.

भार्गवीने पेन्सिलीने एका बाजूला फुली,
दुसऱ्या बाजूला गोळा काढला.
शाळेत जाताना फुली वर, आल्यावर गोळा, झोपताना पुन्हा फुली.
वाटीत पाणी, पाण्यात स्पंजचा तुकडा.
गरम झालं तर झाकण बोटभर सरकवायचं,
गार झालं तर बोटभर लोटायचं.
दौलत म्हणाला, युनिटचा हिशेब केलायस?
केला होता. दिवसाला दीड.
सांगितला नव्हता.

आठव्या रात्री मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं.
नऊ अंड्यांत लाल रेषा,
मधे एक ठिपका, हलणारा.
तीन स्वच्छ,
भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीत दिवा लावावा तशी.
पंचेचाळीस रुपये, दौलत म्हणाला.
मग त्यानेच ती बाहेर नेली.
कुठे, मी विचारलं नाही.

चौदाव्या रात्री पावणेतीनला लाइट गेली.
जानेवारीतलं ग्वाल्हेर.
किल्ल्यावरचा एक दिवा दिसेना धुक्यात.
सिलिंडर संपत आलेला, तरी पाणी तापवलं,
सलाइनच्या दोन बाटल्या भरून
भार्गवीच्या मोज्यांत घालून पेटीत निजवल्या.
दौलत उठला. माझ्या अंगावरची रजई ओढून घेतली,
पेटी मांडीवर, वर रजई,
आणि भिंतीला टेकून बसला,
सकाळी सहाला टेम्पो काढायचा माणूस.
अठ्ठ्याण्णव, मी सांगायचे.
सत्त्याण्णव.
पुन्हा बाटल्या.
"कपाळ गार पडतंय का बघ,"
तो अर्धवट झोपेत म्हणाला.
पेटीला कपाळ कुठलं.
मी हात ठेवला.

पाच वाजता आली.

अठराव्यापासून फिरवणं बंद.
हात तरी झाकणाकडे जायचा, तीन वेळा.
एकविसावा गेला, काही नाही.
बाविसाव्याला दुपारी, भांडी घासताना,
आतून कुणी नखाने दार वाजवावं तसं.
फुलीच्या जरा खाली तडा.
मदत करायची नाही, आपाने बजावलेलं.
भार्गवी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून बसली.
सात तास.

सहा निघाली. ओली, मळकी,
दिसायला काही खास नाहीत.
एक उभं राहिलं आणि लगेच तोंडावर पडलं.
तीन तशीच राहिली. कानाला लावून पाहिली.
ऊब होती, ती बल्बची.

रात्री दौलतने वही मागितली.
बल्ब बारा, अंडी एकशे पासष्ट,
बिलात वाढलेले दोनशे दहा.
भागाकार केला. "एक पिलू साडेचौसष्टला पडलं.
बाजारात चाळीसला मिळतं."
वही मिटली,
पेटीशी वाकला,
झाकण बोटभर सरकवलं.
"जास्त होतंय त्यांना," म्हणाला.