काचेचा उंचवटा

एस्किशेहिरात नोव्हेंबर; पोर्सुक नदीवर धुकं बसलेलं.
चौथ्या मजल्यावर हाजेर
सत्तेचाळिसाव्यांदा तीच क्रिया लावते.

बोरॉन बसवायचा आहे कार्बनवर,
तोही नेमका त्या कोपऱ्यात
जिथे औषधाचा रेणू प्रथिनाचा हात धरेल
आणि वेळ झाली की सोडेल.
बसतो. रात्रभर राहतोही.
सकाळी धुताना पाणी लागतं
आणि बोरॉन निघून जातो भाडं बुडवून,
खोलीत एक हायड्रोजन ठेवून.

वडील कर्काच्या खाणीतले.
एकतीस वर्षं पांढरा दगड ट्रकवर चढताना पाहिला.
घरी आले की बुटांतून टाकणखार झडायचा
आणि आई ओरडायची, टोमॅटोच्या वाफ्यात नको,
पानं करपतात.
अजून रात्री फोन करतात:
"किती निघालं आज?"
"अकरा मिलिग्रॅम."
फोनवर बराच वेळ नुसता वारा.
मग: "ओलं धरून, की सुकं?"

गेल्या महिन्यात तिला वाटलं, जमलं.
पडद्यावर बोरॉनचा उंचवटा, रुंद, गुबगुबीत,
बर्फाखालच्या टेकडीसारखा.
तिने सगळ्यांना चहा पाजला.
काचकाम करणारे रुकनेत्तिन उस्ता आले, चष्मा कपाळावर,
म्हणाले, "पोरी, हा तुझा नाही, माझा.
नळीच्या काचेतच बोरॉन असतो."
रिकामी नळी घातली. तोच उंचवटा.
चहा तर सगळ्यांचा पिऊन झालेला.

आज क्वार्ट्झची नळी आहे, अंकाराहून उसनी आणलेली;
फुटली तर पगारातून.
आणि एक नवी युक्ती:
बोरॉनची जी जागा रिकामी,
जिच्यापायी तो भेटेल त्याच्या गळ्यात पडतो,
तिथे नायट्रोजनचा हात टेकवून ठेवायचा,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.
पाण्याला दार दिसूच नये.

रेषा सपाट येते. सपाट.
सपाट.
मग दहाच्या आसपास काहीतरी बारीक,
सुईच्या टोकाएवढं.

ती कोणाला हाक मारत नाही.
चहाही नाही.
नळी काढते, पुसते, पुन्हा घालते,
ओलं की सुकं, असं पुटपुटते,
आणि यंत्राला आणखी चार हजार वेळा
तेच मोजायला लावते.