आधार : तोंडी

एकतीस वर्षं मी टपाल छाटलं,
ओउलूच्या मोठ्या पोस्टात, रात्रपाळीला.
डॉक्टरांचं अक्षर, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांचं,
प्रेमात पडलेल्यांचं तर त्याहून वाईट,
सगळं लावलं.
म्हटलं, पाद्रीबुवांचं अक्षर ते काय!

मार्चपासून बसलेय
कोर्पिसाल्मीच्या चर्चची वही पडद्यावर मोठी करून.
सुरुवात केली तेव्हा बाहेर बर्फ होतं,
आता डास आहेत.

एका घराला एक पान.
कोण जन्मलं, कोणाला देवी आल्या,
आणि वाचता कितपत येतं, त्याच्या बारक्या फुल्या.
एक म्हणजे जेमतेम, तीन म्हणजे घडाघडा.
माझ्या खापरपणजीला दीड.
अर्धी फुली कशावरून देतात
हे विचारायला आता कोणी नाही.

घरात तिला वाल्पुरी म्हणत.
पाद्री स्वीडिशमध्ये लिहायचा, त्याने केलं वाल्बोर्ग.
नवरा घरजावई होऊन आला
आणि तिकडच्या रीतीने त्याने शेताचंच नाव लावलं.
दोन महिने मी त्याला बापाच्या नावाने हुडकतेय
आणि हा शेजारच्या पानावर
नीस्काला होऊन बसलेला.

माझ्याआधी हे सगळं लेम्पी आत्याने केलं होतं.
तिची निळी वही माझ्याकडे आली. नाव, नावाला टीप,
टिपेला आधार :
*चर्चवही, पान ११२, ओळ ७. शाई फुटलीय.*
*थडगं, स्वतः पाहिलं. शेवाळ खरवडलं. आकडा आठ की तीन?*
*सीग्ने, तोंडी, कॉफीच्या वेळी, १९६१. भरवशाची नाही.
केक चांगला.*

एका टिपेवर मात्र पेन इतकं दाबलंय
की मागच्या पानावर बोटाला लागतं :
*वाल्पुरीचं सातवं पोर, आप्पो. मागायला धाडलं.
परत आलं नाही.
आधार : आजी, तोंडी, जायच्या दोन दिवस आधी.*

पानावर सहा नावं आहेत.
त्याखालचा कोपरा ओलीने गेलाय.
बाप्तिस्म्याची त्या दशकातली वही जळाली.

मग मृतांची यादी. अडुसष्ट साल,
लोक पाइनची साल दळून भाकरीत घालत होते तो वसंत.
एप्रिलपासून पाद्रीचं अक्षर बारीक होत जातं.
वाटलं, कागद वाचवतोय.
तर दोन ओळींच्या मध्ये त्याने ओळी घुसवल्यात.
ताप. ताप. ताप. भूक. ताप.
आणि मे महिन्यात एक :
*अनोळखी मुलगा, मागता, अंदाजे आठ वर्षांचा, रस्त्याकडेला.
हातमोजे तांबडे,
उजव्याचा अंगठा उसवून पुन्हा विणलेला.*

चाळीस जणांना त्याने एकेक शब्द दिला
आणि या अंगठ्याला आख्खी ओळ.
मी उठले, कॉफी टाकली, ती उतू गेली.

नाव नसलं की पाकिटावर लोक असंच काही लिहायचे :
हिरव्या दाराचं घर, पुलापलीकडे,
कुत्रा तीन पायांचा.
पत्रं पोचायचीही त्यावर.

वय जुळतं.
नीस्कालापासून तो रस्ता दीड दिवसाची चाल, बर्फ नसेल तर.
तेव्हा होतं.
एवढ्यावर जुळलं म्हणता येत नाही, हे मला कळतं,
लेम्पी आत्याने तर माझं मनगटच धरलं असतं.
वंशवृक्षाचा प्रोग्रामही अडून बसलाय :
आधाराचा रकाना भरल्याशिवाय
सातवी फांदी फुटत नाही.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.
मी मोठ्याने म्हटलं, आप्पो.
पुन्हा एकदा म्हटलं, दारातून हाक मारावी तसं,
मग चष्मा लावला आणि टाइप केलं :

*आधार : इर्या, तोंडी.
भरवशाची नाही.*