डाव्या गालावर, जरा खाली

सांगलीत, खणभागातल्या आमच्या स्टुडिओत
मुजावर चाचा निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे.
पॉलिश-पेपरवर घासून घासून
टोक असं करायचे की सुईनं लाजावं,
मग श्वास रोखून
एकेका मुरुमावर एकेक ठिपका.
ठिपक्यालाही वजन असतं, म्हणायचे,
जास्त झालं की माणूस मेणाचा होतो.

त्यांचा नियम एकच:
पंधरवड्यात जे आपलं आपण जाणार आहे
ते तू आज घालव.
जे जाणार नाही
ते त्या माणसाचं आहे. हात लावू नको.

मी तेव्हा नवा, आणि कॉम्प्युटर माझ्याहून नवा.
चेहरा दोनशे टक्के मोठा केला की
जतकडचा माळ दिसायला लागतो,
खड्डे, कुसळं, पाऊलवाटा,
आणि हाताखाली जेसीबी असल्यावर
कोण थांबतं?

सदा ऐवळे, मार्केट यार्डातला हमाल,
मुलीच्या लग्नाआधी बायकोला घेऊन आला होता.
दोघांच्याही मानेच्या घड्यांत हळद,
लग्नाची नव्हे, पोत्यांची.
मला वाटलं कॅमेऱ्याची चूक.
पिवळा रंग अठरानं खाली ओढला.
मग त्याच्या डाव्या गालावरचा व्रण,
पोत्याचा हूक निसटून बसलेला,
नखाएवढा, चंद्रकोर म्हणवणार नाही इतका वाकडा.
तीन क्लिक.

सदानं फोटो लांब धरला, जवळ धरला.
"झ्याक हाय," म्हणाला,
"पर ह्यो कोण?"
आम्ही तिघंही हसलो.
चाचा हसले नाहीत.

चाचा गेल्यानंतर कृष्णा आली,
स्टुडिओत छातीएवढी.
हार्डडिस्क, निगेटिव्हचे डबे, त्यांचं तिरकं डेस्क,
सगळं एकाच रंगाचं झालं
आणि त्या रंगावर कुठलाच ब्रश चालला नाही.

परवा शालन ऐवळे एकटीच आली.
पिशवीत तोच फोटो, खिळ्यावरून काढलेला,
मागच्या कोळिष्टकासकट.
"हार घालायचाय," म्हणाली.
मी सवयीनं विचारलं, "डाग काढायचा?"
"व्हय," म्हणाली,
"तुमी काढलेला. त्यो परत काढायचा."

वीस वर्षं हा एकच शब्द वापरत आलो,
त्याला दुसरी बाजू आहे
हे त्या दिवशी कळलं.

फोटो स्कॅन केला. गालावर एक रेघ ओढली.
"तितं न्हाई. जरा खाली."
अजून एक.
"एवढा मोठा न्हाई वो. दाढी करताना वस्तरा अडायचा, तेवढाच."
वस्तरा किती अडला म्हणजे किती पिक्सेल?
"आन् हसला की आत जायाचा."
फोटोत तो हसत नव्हता.

रेघ काही केल्या गालाची होईना,
टिकलीसारखी वर चिकटून बसलेली.
चाचांची आठवण झाली, मेण.
मग आधी कातडी परत आणायला घेतली:
छिद्रं, खुरटे केस, दोन-तीन देवीचे खड्डे
जे तेव्हा होते की नव्हते कुणास ठाऊक,
पिवळा अठरानं वर,
मानेच्या घडीत थोडा अजून.
दुपारचे चार वाजले.
ती उठली, स्क्रीनजवळ आली,
बोट टेकवलं. "हितं."

तिथं काढला.
ती काही बोलली नाही.
पदराचं एक टोक दातात धरून
बराच वेळ बघत राहिली,
मग पैसे किती म्हणून विचारलं.

संध्याकाळी भरतीच्या फॉर्मसाठी एक पोरगा आला.
गोरा, घाबरलेला, कपाळभर मुरुमं.
मुरुमं गेली. पंधरवड्यात गेलीच असती.
डाव्या गालावर एक पिवळट ठसा राहिला.
एक क्लिक. दोन. तीन.
जाईना.
मोठा करून बघितलं.
चेहरा मोठा झाला,
ठसा तेवढाच राहिला.